एकाच शिवारात दोन-तीन ड्रोन: हवेतली टक्कर टाळण्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन आणि कपाशीच्या फवारणीची घाई सुरू झाली की एका गावाच्या शिवारात दोन-तीन फवारणी ड्रोन एकाच वेळी उडताना दिसतात. ड्रोन दीदी, भाड्याने फवारणी करणारे पायलट, त्यांचे मदतनीस आणि वावर फवारून घेणारे शेतकरी आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आकडे १० लिटर टाकीच्या नेहमीच्या फवारणी ड्रोनसाठी आहेत. यंत्र मोठं असेल तर अंतरं वाढवा.

एवढ्या मोकळ्या आभाळात टक्कर होईलच कशी? ही तर शहरातली अडचण आहे.

आभाळ मोकळं असतं, पण ड्रोन त्यातला फारच पातळ थर वापरतात. फवारणी करणारं प्रत्येक यंत्र पिकाच्या शेंड्यापासून २ ते ३ मीटरवर उडतं. परत येताना बहुतेक यंत्रं कारखान्यातून बसवून आलेल्या एकाच उंचीवर चढतात. वेळही सगळ्यांची तीच: सकाळी वारा उठायच्या आधी आणि दुपारी चारनंतर. म्हणजे दोन वावरं शेजारी असली की दोन्ही ड्रोन एकाच थरात, एकाच वेळी आणि एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना असतात.

दुसरं कारण डोळ्यांचं. दीडशे मीटरवरचा ड्रोन डावीकडे आहे की उजवीकडे हे नीट दिसतं, पण तो किती लांब आहे हे कळत नाही. दोन ड्रोन एकमेकांपासून ४० मीटर दूर असतानाही चिकटल्यासारखे दिसतात, आणि खरंच जवळ आलेले असतात तेव्हा दूर वाटतात. म्हणून अंतर नजरेने ठरवायचं नाही. ते उडण्याआधी जमिनीवर ठरवायचं.

माझ्या ड्रोनला पुढे अडथळा ओळखणारं रडार आहे. ते दुसरा ड्रोन ओळखणार नाही का?

त्याच्या भरवशावर राहू नका. हे रडार झाड, खांब, घराची भिंत अशा मोठ्या आणि स्थिर वस्तूंसाठी बसवलेलं असतं. ते समोरचा एक मर्यादित कोन बघतं. बाजूने, मागून किंवा वरून येणारा ड्रोन त्याच्या नजरेत येतच नाही. बारीक हातांचा, हलणारा ड्रोन समोर आला तरी त्याच्यावरून परतणारा सिग्नल कमजोर असतो, आणि पानांच्या हालचालीसारखा समजून यंत्र तो गाळून टाकू शकतं. खाली बघणारं रडार तर फक्त पिकापासूनची उंची राखायला असतं.

आणखी एक गोष्ट बघा. तूर वाढली किंवा संत्र्याची बाग असली की रडार फांद्यांना अडथळा समजून ड्रोन वारंवार थांबवतं. कंटाळून पायलट ते बंद करतात आणि पुढच्या वावरात चालू करायला विसरतात. बंद केलंच तर रिमोटला रंगीत चिकटपट्टी लावा आणि पुन्हा चालू केल्यावरच काढा.

दोन ड्रोनमध्ये कमीत कमी किती अंतर हवं?

५० मीटर. हा आकडा असा निघतो:

दोन्ही ड्रोन सेकंदाला ५ मीटर वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला १० मीटरने कमी होतं. धोका ओळखून बटण दाबेपर्यंत पायलटचे २ सेकंद जातात, म्हणजे २० मीटर संपले. भरलेल्या टाकीचं यंत्र जागच्या जागी थांबत नाही, टाकीतलं पाणी पुढे ढकलत राहतं. प्रत्येकाला थांबायला साधारण ५ मीटर धरा, दोघांचे १०. साध्या जीपीएसची चूक प्रत्येकी २ ते ३ मीटर, म्हणजे आणखी ५-६. पंख्यांसह यंत्राची रुंदी जवळपास २ मीटर. बेरीज ३८ च्या आसपास जाते. त्यावर थोडा राखीव भाग ठेवला की ५० होतात. वेग सेकंदाला ७ मीटर केला तर हे अंतर ७० मीटर धरा.

शेजारशेजारच्या वावरांत ५० मीटर ठेवायचे कसे? एक एकराचं वावरच तेवढं असतं.

बरोबर आहे. चौरस एकराची बाजू जवळपास ६४ मीटर भरते. म्हणून सगळं अवलंबून असतं ते फवारणीचे पट्टे कोणत्या दिशेने आखले आणि सुरुवात कुठून केली यावर.

समजा दोन वावरांमधला धुरा उत्तर-दक्षिण आहे. पट्टेही उत्तर-दक्षिण, म्हणजे धुऱ्याला समांतर आखा. पूर्व-पश्चिम आखले तर प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी दोन्ही ड्रोन नाक करून धुऱ्याकडे धावतात, आणि वळताना यंत्र हद्दीबाहेर २-३ मीटर सरकतंच.

मग दोघांनीही एकाच बाजूने सुरुवात करा. पहिला आपल्या वावराच्या पश्चिम कडेपासून, दुसराही आपल्या वावराच्या पश्चिम कडेपासून. दोघे पूर्वेकडे सरकत जातात आणि मधलं अंतर वावराच्या रुंदीएवढं, म्हणजे ६० मीटरच्या वरच राहतं. एकाने पश्चिमेकडून आणि दुसऱ्याने पूर्वेकडून सुरुवात केली तर दोघे नेमके सामाईक धुऱ्यावर भेटतात. अशा वेळी फवारणी जवळजवळ संपलेली असते आणि दोन्ही पायलटचं लक्ष बॅटरीच्या आकड्याकडे असतं.

एकाचा वेग जास्त असेल तर तो पुढच्याला गाठतो. म्हणून वेगवान यंत्र पुढच्या, इथे पूर्वेच्या वावरात ठेवा. वावर अरुंद असेल, पूर्व विदर्भातल्या धानाच्या लहान बांध्यांसारखं, तर दोघांनी एका वेळी उडूच नये. एकाची बॅटरी बदलून टाकी भरेपर्यंत दुसऱ्याने फेरी मारावी. टाकी भरण्यात आणि बॅटरी बदलण्यात वेळ तसाही जातोच, त्यामुळे नुकसान फार होत नाही.

आरटीएच (रिटर्न टू होम), म्हणजे ड्रोनचं आपोआप परत येणं, आणि त्याची उंची यावर तुम्ही एवढा भर का देता?

कारण ठरवून केलेली सगळी विभागणी आरटीएच एका क्षणात मोडतो. रिमोटचा संपर्क तुटला किंवा बॅटरी खाली गेली की ड्रोन पायलटला न विचारता सरळ वर चढतो, ठरलेल्या उंचीवर पोहोचतो आणि उड्डाण केलेल्या जागेकडे नाकासमोर निघतो. वाटेत कोणाचं वावर आहे, तिथे कोण उडतोय, तार आहे की नाही, याचा तो विचार करत नाही. अर्डुपायलट या उड्डाण सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्रांत ही उंची मुळात १५ मीटर असते. एकाच बनावटीचे दोन ड्रोन आणि दोघांची उंची न बदललेली, तर दोघे परतताना एकाच पातळीवर येतात.

काम सुरू करण्याआधी हे करा:

१. शिवारातलं सगळ्यात उंच झाड शोधा. चिंच, पिंपळ, जुना आंबा २० मीटरपर्यंत सहज जातात. सगळ्यात खालची आरटीएच उंची त्याच्या वर किमान ५ मीटर ठेवा.

२. प्रत्येक यंत्राला वेगळी उंची द्या: २५, ३५, ४५ मीटर. मधला फरक १० मीटरपेक्षा कमी नको. वरच्या ड्रोनच्या पंख्यांची हवा खालच्याला ढकलते, हेही त्यात धरलं आहे.

३. ज्याची बॅटरी जुनी, त्याला सगळ्यात खालची उंची द्या. ४५ मीटर चढायला सेकंदाला अडीच मीटरने १८ सेकंद आणि दीड मीटरने उतरायला ३० सेकंद लागतात. पाऊण मिनिटाची ही वीज कमजोर बॅटरीकडे नसते. ज्याचं वावर उतरण्याच्या जागेच्या जवळ आहे, त्याला वरची उंची चालते.

४. उतरण्याच्या जागा वेगळ्या ठेवा, एकमेकींपासून २० मीटर तरी. दोन ड्रोन एकाच पॅडवर आणायचे नाहीत.

५. बॅटरी बदलून यंत्र पुन्हा चालू केलं की परतीची जागा नव्याने नोंदली जाते. तुम्ही पांदणीवर पुढे सरकला असाल तर परतीची वाटही बदलली. साथीदाराला सांगा.

६. उतरण्याची जागा अशी निवडा की परतीची सरळ रेषा दुसऱ्याच्या वावरावरून जाणार नाही. जमत नसेल तर किमान मोठ्या टॉवर लाइनवरून जाऊ देऊ नका. तिरोडा, कोराडी, चंद्रपूरच्या वीज केंद्रांतून निघालेल्या ४०० आणि ७६५ केव्हीच्या लाइनचे टॉवर ३५-४५ मीटरच्या आरटीएचला थेट आडवे येतात. वावर लाइनच्या एका बाजूला आणि गाडी दुसऱ्या बाजूला, असं कधीही करू नका. गाडी फिरवून आणा.

संपर्क तुटल्यावर परत येण्याऐवजी जागीच थांबणं किंवा जागीच उतरणं, हेही पर्याय काही यंत्रांत असतात. दाटीच्या शिवारात सपाट सोयाबीनवर जागीच उतरणं बरेचदा जास्त सुरक्षित ठरतं. थोडं पीक मोडतं, पण ड्रोन दुसऱ्याच्या वाटेत जात नाही. संत्र्याच्या बागेत किंवा नाल्याकाठी मात्र हा पर्याय नको.

दोघांच्या रिमोटवर ३० मीटर दिसतंय, म्हणजे दोघे एकाच उंचीवर आहेत ना?

बहुतेक वेळा नाही. ड्रोन जिथून उडाला ती जागा त्याच्यासाठी शून्य असते. एक पायलट टेकाडावरच्या पांदणीवर, दुसरा नाल्याकाठी ८ मीटर खाली. मग पहिल्याचे २५ आणि दुसऱ्याचे ३५ यांत खरा फरक फक्त २ मीटर उरतो. चढउताराच्या शिवारात वरच्या जागेवरून उडणाऱ्याला मोठा आकडा द्या, म्हणजे फरक घटण्याऐवजी वाढेल.

शिवाय उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. दाब एका हेक्टोपास्कलने बदलला तर उंची जवळपास ८ मीटरने चुकते. पावसाळी ढग चढून येताना दाब तासाभरात बदलतो. म्हणून प्रत्येक फेरीआधी यंत्र जमिनीवर असताना उंचीचा आकडा शून्याजवळ आहे का ते बघा. एक-दोन मीटर चालतात. पाच दाखवत असेल तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करा.

आरटीके, म्हणजे जीपीएसची चूक सुधारणारी यंत्रणा, असलेल्या ड्रोनला ५० मीटरचं अंतर कमी केलं तर चालेल?

आरटीकेमुळे जागेची चूक काही सेंटीमीटरवर येते, हे खरं. पण वरच्या बेरजेत जीपीएसचा वाटा फक्त ५-६ मीटर होता. माणसाचे २ सेकंद आणि भरलेल्या टाकीचा जोर आरटीकेने कमी होत नाही. दुसरा ड्रोन साध्या जीपीएसवर असेल तर त्याची चूक तशीच राहते. ५० चे ४५ करा, त्याखाली नको.

संध्याकाळी उशिरा फवारणी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात गडबड होते आणि उपग्रहाचा सिग्नल लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे जास्त होतं. आरटीके सुटतं, ड्रोन जागेवर डुलायला लागतो. दिवस मावळायच्या आत सगळी यंत्रं खाली असू द्या.

माणसं किती लागतात?

एका ड्रोनमागे पायलट आणि एक नजर ठेवणारा, हे किमान. दोन ड्रोन असतील तर आणखी एक माणूस हवा, ज्याचं काम फक्त दोन्ही यंत्रांमधलं अंतर बघणं. त्याला औषध कालवायला किंवा बॅटरी आणायला पाठवू नका. त्याने धुऱ्याच्या टोकाशी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि फवाऱ्यापासून लांब उभं राहायचं. तिथून धुऱ्याची सरळ रेषा दिसते आणि कोणता ड्रोन ती ओलांडतो ते लगेच कळतं.

शब्द आधी ठरवा, आणि तेच वापरा. “थांब” म्हणजे दोघांनीही जागीच थांबवायचं, मग प्रश्न विचारायचे. यंत्राच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी ठेवा: एक लांब शिट्टी म्हणजे थांब. मोबाइलला रेंज असली तरी उड्डाणात फोनवर बोलू नका.

समोर अचानक दुसरा ड्रोन आला तर काय करायचं?

आधी स्वयंचलित फेरी थांबवा. रिमोटवरचा मोडचा स्विच जागी थांबण्याच्या मोडवर टाका आणि दोन्ही काड्या सोडा. यंत्र स्वतः ब्रेक लावतं. काडी ओढून वळवायचा मोह होतो, पण ड्रोनचं नाक तुमच्याकडे असेल तर डावं-उजवं उलटं होतं आणि घाईत माणूस नेमका चुकीच्या बाजूला नेतो.

थांबल्यावर दोघांपैकी एकानेच वर जायचं, आणि कोण ते सकाळीच ठरलेलं असावं. दुसरा हलणार नाही. फवारणीच्या उंचीवर खाली जायला जागा नसते, म्हणून “तू खाली, मी वर” इथे चालत नाही. १० मीटर वर गेल्यावर त्याने आपल्या वावराकडे मागे सरकायचं.

हा स्विच महिन्यातून एकदा तरी रिकाम्या टाकीने दाबून बघा. कुठला स्विच, वर की खाली, हे बोटांना माहीत असलं पाहिजे.

हेलिकॉप्टर किंवा विमान आलं तर?

माणूस बसलेल्या विमानाला वाट द्यायची जबाबदारी नेहमी ड्रोनवाल्याची आहे. आवाज ऐकू आला की विमान दिसायची वाट न बघता उतरवा. गडचिरोलीत पोलिसांची हेलिकॉप्टर आणि निवडणुकीच्या दिवसांत नेत्यांची हेलिकॉप्टर गावाच्या मैदानात उतरतात, तेव्हा ती ड्रोनच्याच उंचीवरून जातात. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानसेवा सुरू झाली आहे. तिथे “पूर्वी तर कोणी काही म्हणत नव्हतं” हा हिशेब आता चालत नाही. मोबाइलवरच्या विमान दाखवणाऱ्या ॲपवर सगळी हेलिकॉप्टर दिसत नाहीत, आणि दिसली तरी उशिरा दिसतात.

आमचं गाव कोणत्या झोनमध्ये आहे हे कसं बघायचं?

डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशावर. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या झोनमध्ये ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर आहे. पिवळ्या झोनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल झोनमध्ये केंद्र सरकारची परवानगी लागते. वर दिलेल्या २५, ३५, ४५ या उंच्या ६० च्या आत बसतात, पण टेकाडावरून उडाल तर सखल भागावर तुम्ही जास्त उंच असता, तेवढं लक्षात ठेवा.

अंतर विमानतळाच्या हद्दीपासून मोजायचं, शहराच्या चौकापासून नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारासारख्या संरक्षण खात्याच्या जागांजवळ, ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर यांच्या काठच्या गावांत नकाशा बघितल्याशिवाय पंखा फिरवू नका. झोन बदलू शकतात, म्हणून त्याच दिवशी सकाळी बघा.

गावठाणाची मोजणी करणारा ड्रोन आला तर फवारणी थांबवायची का?

एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेसारख्या मोजणीचा ड्रोन फवारणीच्या थरापेक्षा कितीतरी वर उडतो. त्यामुळे फवारणी चालू असताना सहसा अडचण येत नाही. अडचण त्याच्या चढण्या-उतरण्याच्या जागेची आणि तुमच्या आरटीएचची असते. त्यांच्या पथकाला विचारा: कुठून उडणार, किती वेळ, परतीची उंची काय. तुमची त्याहून किमान २० मीटर खाली ठेवा. तो चढत किंवा उतरत असताना ३०० मीटरच्या आत असाल तर पाच मिनिटं थांबा. ग्रामपंचायतीत फळ्यावर आदल्या दिवशी “उद्या कोणाच्या गटात कोणता ड्रोन, किती वाजता” एवढं लिहायची सवय लावली तर असे प्रश्न शिवारात पोहोचायच्या आधीच सुटतात.

घारी आणि टिटव्या ड्रोनवर येतात. त्याचं काय?

टिटवीची अंडी जमिनीवर असतात. ती वरून झेपावत असेल तर तेवढा तुकडा सोडून द्या, हातपंपाने फवारा. घार आली तर ड्रोन हळूहळू सरळ वर घ्या. पण वर कोणाची आरटीएच उंची आहे ते आठवून. संक्रांतीच्या आठवड्यात गावाजवळ उडवू नका, मांजा पंख्याच्या मोटरमध्ये गुंडाळला की मोटर जागीच अडते.

टक्कर झालीच तर?

दोन्ही यंत्रांच्या मोटरी रिमोटवरून बंद करा, पडलेल्या यंत्राच्यासुद्धा. पिकात अडकलेले पंखे फिरत असतात. धावत जाऊ नका. दोघांकडेही भरलेली टाकी आणि दबलेली बॅटरी असू शकते. फुगलेली किंवा धूर सोडणारी बॅटरी अर्धा तास तरी हाताळू नका. कोरडी माती किंवा वाळू जवळ ठेवा, लोकांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या. सांडलेलं औषध विहिरीत किंवा नाल्यात धुऊन काढू नका. हातमोजे घालून त्यावर माती टाका, जनावरं तिकडे सोडू नका. कोणाच्या अंगावर औषध उडालं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा आणि औषधाच्या डब्याचं लेबल सोबत घेऊन दवाखान्यात जा.

मग फोटो काढा: यंत्रं जशी पडली तशी, पंखे, टाकीवरचा आकडा, दोन्ही रिमोटचे पडदे. यंत्र पुन्हा चालू करण्याआधी उड्डाणाची नोंद, म्हणजे लॉग, उतरवून घ्या. काही यंत्रांत नवीन उड्डाण जुनी नोंद पुसतं. अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत ड्रोनच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला द्यावी लागते. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले तर तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

चूक कोणाची हे कसं ठरतं?

दोन्ही लॉग एका वेळेच्या पट्टीवर लावून. कोणत्या क्षणी कोण कुठे होता, कोणत्या मोडमध्ये होता, आरटीएच कशामुळे सुरू झाला, हे त्यात दिसतं. बहुतेक वेळा एकाच्या बॅटरीचा व्होल्टेज वजनाखाली अचानक पडतो, आरटीएच लागतो आणि ड्रोन दुसऱ्याच्या वावरावरून घराकडे निघतो. म्हणून बॅटरीच्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज फेरीआधी आणि फेरीनंतर वहीत लिहा. एक सेल बाकीच्यांपेक्षा सतत ०.१ व्होल्टने खाली राहत असेल तर ती बॅटरी दाटीच्या शिवारात वापरू नका. मोकळ्या, एकट्या वावरातही ती अर्ध्या टाकीनेच उडवा.